टीएनएफ दिल्यावर ग्रोथ फॅक्टर वाढतंय का घटतंय? पहिल्या प्लेटपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

उसाच्या फडात कोयता पायाला लागला तर जखम आधी लाल होते, ठणकते, सुजते, आणि दोन-तीन आठवड्यात खपली पडून भरूनही येते. तसलीच जखम शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाला झाली की महिनोन्‌महिने वाहत राहते. बीड, परभणी, लातूरकडच्या कुठल्याही घरात असा एखादा पाय तुम्ही बघितला असेलच. दोन्हीकडं सूज आहे, दोन्हीकडं सुजेचा निरोप नेणारी तीच प्रोटीनं (सायटोकाइन), तेच टीएनएफ-अल्फा (टीएनएफ), तेच इंटरल्युकिन-१ बीटा (आयएल-१). मग एकीकडं ही सूज दुरुस्तीचं काम चालू करते आणि दुसरीकडं तेच काम अडवून धरते, असं काहून?

हा प्रश्न घेऊन मराठवाड्यातली लई पोरं-पोरी आता एमएस्सीचं डिझर्टेशन करायलेत, काही पीएचडीला लागलेत, आणि सगळ्यांचा मेसेज साधारण एकच येतो. ताई, टीएनएफ दिलं, व्हीईजीएफ वाढलं, पण सीटीजीएफ कमी झालं, आमचं चुकलं का? (ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचा-दुरुस्तीचा निरोप देणारी प्रोटीनं, त्यातलं व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्यांसाठीचं, सीटीजीएफ जखम भरणाऱ्या तंतूंसाठीचं.) नाही, चुकलं नाही. सूज आली की ग्रोथ फॅक्टर वाढतंय का घटतंय याला एका शब्दात उत्तरच नाही, कोणती पेशी, कोणतं फॅक्टर आणि किती तासांनी बघितलं हे तिन्ही सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुराच होत नाही. म्हणून लॅबमध्ये पेशींना टीएनएफ देऊन ग्रोथ फॅक्टर मोजायचा हा प्रयोग कसा लावायचा ते पहिल्यापासून लिहायलेय, मला स्वतःला सुरुवातीला कुणी असं बसवून सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आधी डोक्यात चित्र पक्कं करा

टीएनएफ किंवा आयएल-१ पेशीच्या रिसेप्टरला चिकटलं की आत आयकेके नावाचं एन्झाइम जागं होतं, ते आयकप्पाबी-अल्फा या प्रोटीनवर फॉस्फेट लावतं आणि ते प्रोटीन तोडलं जातं. हेच प्रोटीन एनएफ-कप्पाबीला न्यूक्लियसच्या बाहेर धरून बसलेलं असतं, ते गेलं की एनएफ-कप्पाबी आत जाऊन जीन्स चालू करतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पाबीचं वर्णन केलं ते साल १९८६, आणि त्याच साली ग्रोथ फॅक्टर शोधल्याबद्दल स्टॅनली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना नोबेल मिळालं. दोन वेगळ्या गल्ल्यांतली माणसं होती ही, आणि आपण आज ज्या चौकात उभे आहोत तिथं त्या दोन्ही गल्ल्या येऊन मिळतात.

आता हा सिग्नल ग्रोथ फॅक्टरपर्यंत किमान चार वाटांनी पोचतो. एक म्हणजे जीन चालू किंवा बंद करणं. दुसरी वाट एमआरएनएचं, म्हणजे जीनवरून उतरवलेल्या संदेशाचं, आयुष्य वाढवण्याची, पी-३८ नावाचा किनेज चालू झाला की एरवी लवकर तुटणारे संदेश जास्त वेळ टिकतात. तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते, ती म्हणजे कात्री. एडीएएम-१७ हे एन्झाइम टीएनएफला पेशीच्या पृष्ठभागावरून कापून मोकळं करतं आणि तेच एन्झाइम टीजीएफ-अल्फा, अँफिरेग्युलिन अशी ईजीएफ घराण्यातली फॅक्टरंही कापून मोकळी करतं, म्हणजे सुजेचा निरोप आणि वाढीचा निरोप एकाच कात्रीनं सुटतात. चौथी वाट तोडफोडीची. सूज लांबली की मेटॅलोप्रोटीनेज एन्झाइमं वाढतात आणि ती ग्रोथ फॅक्टर आणि त्यांचे आधारच खाऊन टाकतात. मधुमेही पायाच्या जखमेत हेच चाललेलं असतं, म्हणून तर बाहेरून पीडीजीएफ हे ग्रोथ फॅक्टर लावायचं जेल निघालं, अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली.

पेशीगणिक उत्तर कसं बदलतंय ते बघा. कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी आयएल-१ सोडतात, शेजारचा फायब्रोब्लास्ट (खालच्या थरातली तंतू बनवणारी पेशी) ते ऐकून केजीएफ हे ग्रोथ फॅक्टर बनवतो आणि ते केजीएफ परत केराटिनोसाइटला वाढवतं. इथं सूज वाढीच्या बाजूनं आहे. त्याच फायब्रोब्लास्टमध्ये टीजीएफ-बीटा या आणखी एका ग्रोथ फॅक्टरनं वाढणारं सीटीजीएफ मात्र टीएनएफ दाबून टाकतं, यातली एक वाट अशी की एनएफ-कप्पाबी स्मॅड-७ हे प्रोटीन वाढवतं आणि स्मॅड-७ टीजीएफ-बीटाच्या सिग्नलला आडवं येतं. आणि लिव्हरमध्ये आयएल-६ या सायटोकाइनमुळं एसओसीएस-३ हे निरोप अडवणारं प्रोटीन वाढतं, ग्रोथ हार्मोनचा निरोप नीट पोचत नाही, आयजीएफ-१ हे ग्रोथ फॅक्टर घटतं. संधिवात असलेल्या लहान मुलांची उंची खुंटते त्यामागचं एक कारण हे.

पेशी निवडणं

प्रश्न आधी, पेशी नंतर. लॅबमधे फ्रीज केलेली जी आहे ती घ्यायची ही सवय सोडा. व्हीईजीएफ बघायचं तर हॅकॅट पेशी (लॅबमध्ये कायम वाढत राहणारी केराटिनोसाइटची सेल लाइन) चांगल्या, टीएनएफनं त्यांच्यात व्हीईजीएफ वाढतं हे जुनं आणि पक्कं माहीत असलेलं आहे, त्यामुळं नवख्या माणसाला आपलं तंत्र बरोबर आहे का ते तपासता येतं. पण केजीएफ बघायला हॅकॅट घेऊ नका, केराटिनोसाइट केजीएफ बनवतच नाहीत, त्या फक्त ऐकतात. त्यासाठी फायब्रोब्लास्टच लागतील. एका पोरानं केजीएफचं महागडं किट हॅकॅटच्या मीडियमवर (पेशी ज्यात वाढतात त्या द्रावणावर) लावलं होतं, सगळे आकडे शून्याला चिकटलेले, सहा महिन्यांची फेलोशिप त्यात गेली, आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

सेल लाइन पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येते, शेजारच्या लॅबमधून अर्धा फ्लास्क आणण्यापेक्षा तेच बरं, कारण पेशीची ओळख पक्की असते. ऑपरेशनमधल्या कातडीतून किंवा नाळेतून प्रायमरी पेशी काढणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती पहिल्या दिवसापासून हवी, नंतर मागची तारीख टाकून होत नसतंय.

पेशी आल्या की पहिलं काम मायकोप्लाझ्माची टेस्ट. हा जंतू साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, पण त्याच्या अंगावरचे लिपोप्रोटीन पेशीच्या टीएलआर-२ या रिसेप्टरला चिकटून एनएफ-कप्पाबी आधीच चालू करून ठेवतात. म्हणजे तुमचा कंट्रोलच सुजलेला. पीसीआर लावा, दर महिन्याला लावा.

मीडियममध्ये काय लपलंय

ही पायरी मी मुद्दाम लांबवणार आहे, सगळ्यात जास्त घोळ इथं होतात.

गाईच्या रक्तातलं जे सिरम मीडियममध्ये घालतात त्यात ग्रोथ फॅक्टर ठासून भरलेले असतात, नाहीतर त्यात पेशी वाढल्याच नसत्या. त्यातही टीजीएफ-बीटा१ गाईचं आणि माणसाचं हुबेहूब सारखं असतं, त्यामुळं दहा टक्के सिरम असलेल्या मीडियममध्ये तुम्ही टीजीएफ-बीटाचा एलायझा (अँटिबॉडीनं प्रोटीन मोजायची टेस्ट) लावला तर किट गाईचं टीजीएफ मोजून तुम्हाला छान मोठा आकडा देईल. म्हणून ट्रीटमेंटच्या आधी पेशी उपाशी ठेवायच्या, १६ ते २४ तास अर्धा टक्का सिरमवर किंवा बिनसिरमच्या मीडियमवर, आणि पेशी न टाकता नुसतं मीडियम भरलेले दोन-तीन वेल (खळगे) प्लेटमध्ये ठेवायचेच. त्या वेलचा आकडा सगळ्यातून वजा होणार.

दुसरं म्हणजे हायड्रोकॉर्टिझोन. एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशींचं आणि प्रायमरी केराटिनोसाइटचं तयार मीडियम घेतलं तर त्याच्या सप्लिमेंटमध्ये बहुतेक वेळा ते असतं. ते स्टिरॉइड आहे, सूजच दाबतं. व्हीईजीएफ आणि केजीएफही दाबतं. टीएनएफ देऊन काहीच होईना म्हणून लोक टीएनएफ बदलतात, कंपनी बदलतात, आणि खरं कारण त्या छोट्या सप्लिमेंटच्या बाटलीत असतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते काढून टाका. एंडोथेलियल मीडियममध्ये बऱ्याचदा व्हीईजीएफ स्वतःच घातलेलं असतं, तेही लेबलवर वाचा.

तिसरं, सूज आणायला एलपीएस (जीवाणूच्या कवचातला पदार्थ) वापरणाऱ्यांसाठी. फायब्रोब्लास्टसारख्या पेशीला एलपीएस ओळखायला सिरममधली एलबीपी आणि सीडी-१४ ही प्रोटीनं मदत करतात, त्यामुळं बिनसिरम मीडियममध्ये एलपीएस फिकं पडतं. नवख्या माणसानं टीएनएफ किंवा आयएल-१ पासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आयएल-६ घेतलंत तर आणखी एक भानगड, बऱ्याच पेशींच्या अंगावर त्याचा रिसेप्टरच नसतो, तिथं विरघळणारा रिसेप्टर सोबत द्यावा लागतो.

सायटोकाइन विरघळवणं

व्हायल उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक फेरी द्या, पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्याला दिसतही नाही. समजा १० मायक्रोग्रॅम टीएनएफ आहे. १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं की झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पातळ करताना नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर) वापरू नका, त्यात ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रोटीन) घाला, नाहीतर एवढं थोडं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं. त्यातून शंभरपट पातळ केलं की १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजेच एका मायक्रोलिटरला १ नॅनोग्रॅम. एक मिली मीडियमला यातलं १० मायक्रोलिटर म्हणजे १० नॅनोग्रॅम प्रति मिली, टीएनएफसाठी सुरुवातीला हाच डोस घ्या. आयएल-१ बीटा १ नॅनोग्रॅमलाही जोरात काम करतं. छोटे अलिकॉट (वाटे) करून उणे ८० ला ठेवा, एकदा वितळलेला परत गोठवू नका. आणि कंट्रोल वेलला तेवढंच पीबीएस-बीएसए द्यायचं, काहीच न देणं हा कंट्रोल नाही.

आपल्याकडचा उन्हाळा

पुण्या-मुंबईच्या प्रोटोकॉलमध्ये हे लिहिलेलं नसतं. बहुतेक सीओटू इनक्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. ३७ अंश धरून ठेवायला खोली त्यापेक्षा साधारण पाच अंशांनी तरी थंड लागते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश आणि खोलीचा एसी बंद पडला की इनक्युबेटर ३७ वर थांबू शकत नाही. मी एका मे महिन्यात तीन आठवडे प्लेटा लावल्या, तिन्ही आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, शेवटी आत वेगळं थर्मामीटर ठेवलं तेव्हा ३९ दिसलं. पेशीला ताप आला की हीट शॉक प्रोटीन चालू होतात आणि तीही याच सिग्नलमध्ये हात घालतात. तेव्हापासून दिवसातून दोनदा तापमान लॉगबुकमध्ये लिहिते.

हवा कोरडी असली की कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, मीडियम घट्ट होतं आणि एलायझात ते वाढल्यासारखं दिसतं. कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस भरा, खालच्या ट्रेमध्ये पाणी आहे का रोज बघा. लाइट गेली आणि मीडियम गुलाबी-जांभळं दिसायला लागलं तर सीओटू उतरलाय, त्या प्लेटवर पुढं मेहनत करू नका. नायट्रोजनचा जार भरायला गाडी वेळेवर आली नाही तर काय, हाही आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवायला तोच द्रवरूप नायट्रोजन असतो, पुरवठा कुठून होतो ते तिथं चौकशी करून ठेवलेलं अडचणीला कामी येतं.

प्लेट लावणं आणि वेळा

२४ वेलच्या प्लेटमध्ये हॅकॅट साधारण १ लाख प्रति वेल, अर्धा मिली मीडियम. दुसऱ्या दिवशी ७०-८० टक्के भरलं की उपाशी ठेवायचं. सगळ्या वेलमध्ये पेशी सारख्या हव्यात यासाठी जीव काढा, कारण गच्च भरलेल्या पेशींना, किंवा वर मीडियमचा जाड थर असलेल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, एचआयएफ-१ चालू होतं आणि व्हीईजीएफ वाढतं, सुजेचा काहीही संबंध नसताना.

एकच वेळ घेऊन प्रयोग करू नका. आयकप्पाबी १५ मिनिटांत गायब होतं आणि तासाभरात परत येतं, कारण एनएफ-कप्पाबी स्वतःच त्याचं जीन चालू करतं, स्वतःला लगाम घालायची पेशीची ही सोय आहे. म्हणून वेस्टर्न ब्लॉटसाठी (पेशीतलं एखादं प्रोटीन पट्टीच्या रूपात बघायची पद्धत) ०, १५, ३० आणि ६० मिनिटं. आरएनएसाठी २, ६ आणि २४ तास. मीडियममधल्या प्रोटीनसाठी २४ आणि ४८ तास. ज्यांच्याकडं पैसे कमी आहेत त्यांनी ब्लॉटचे १५ आणि ६० मिनिटं तरी ठेवावेतच. सायटोकाइन जिवंत आहे का आणि पेशी ऐकायली का, हे त्यातून तिथल्या तिथं कळतं. प्लेट बर्फावर, लायसिस (पेशी फोडायच्या) बफरमध्ये फॉस्फेटेज आणि प्रोटिएज इनहिबिटर, आणि हात भरभर चालवायचा.

आरएनए

आरएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं प्रमाण २ च्या आसपास असावं, मिसळलेला डीएनए काढायला डीएनेज द्या, आणि रेफरन्स जीन (ज्याच्याशी तुलना करायची ते न हलणारं जीन) डोळे झाकून घेऊ नका. बी२एम हे जीन इंटरफेरॉननं वाढतं, सुजेच्या प्रयोगात ते रेफरन्स म्हणून घेणं म्हणजे हलत्या काट्यानं मोजणं. जीएपीडीएचही ऑक्सिजन कमी पडला की हलतं. आरपीएलपी०सारखी दोन-तीन जीन्स घेऊन आपल्याच नमुन्यांवर बघा, ट्रीटमेंटनं जी हलत नाहीत ती ठेवा. आयएल-८ हे सुजेनं वाढणारं जीन प्रत्येक प्लेटवर लावायचंच, ते वाढलं नाही तर सूजच लागलेली नाही, मग व्हीईजीएफच्या आकड्याकडं बघण्यात अर्थ नाही.

हिशोब असा. समजा कंट्रोलमध्ये व्हीईजीएफचा सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला सिग्नल दिसला तो आकडा) २५ आणि रेफरन्सचा १८, फरक ७. टीएनएफ दिलेल्यात २३.५ आणि १८, फरक ५.५. दोन फरकांतला फरक उणे १.५, म्हणजे २ चा १.५ वा घात, साधारण २.८ पट वाढ. पण हे गणित प्रायमरची एफिशियन्सी ९० ते ११० टक्क्यांत असेल तरच, त्यासाठी आधी डायल्युशनची रेष काढून घ्या.

आरएनए वाढला पण तो जास्त बनला म्हणून का कमी तुटला म्हणून, हे बघायचं असेल तर टीएनएफनंतर अॅक्टिनोमायसिन-डी देऊन नवं बनणं बंद करतात आणि उरलेला आरएनए किती वेगानं उतरतोय ते मोजतात. हे औषध विषारी आहे, हातमोजे घालून, हूडमध्ये, आणि थोड्याच तासांसाठी. टीएनएफसोबत प्रोटीन बनणं बंद करणारं काही, जसं सायक्लोहेक्सिमाइड, दिलंत तर पेशी मरायला लागतात, कारण त्यांना जगवणारी प्रोटीन एनएफ-कप्पाबीला बनवताच येत नाहीत. मरणाऱ्या पेशीचा आकडा ग्रोथ फॅक्टरचा आकडा म्हणून लिहू नका.

एलायझा

व्हीईजीएफचा एलायझा सोपा, पण मीडियममधला आकडा म्हणजे सगळं व्हीईजीएफ नव्हे. त्याचा १२१ हा प्रकार मोकळा सुटतो, १६५ थोडा हेपॅरान सल्फेटला चिकटून पेशीजवळ राहतो, १८९ तर जवळपास सगळाच चिकटलेला. एफजीएफ-२ ला बाहेर जायचा नेहमीचा सिग्नलच नाही, ते मुख्यतः आतच असतं, म्हणून त्यासाठी पेशींचं लायसेटही मोजा.

टीजीएफ-बीटा झोपलेल्या रूपात बाहेर येतं, किटला ते दिसतच नाही. १०० मायक्रोलिटर नमुन्यात २० मायक्रोलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड घालून दहा मिनिटं, मग हेपेस घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड २० मायक्रोलिटर घालून न्यूट्रल करायचं, आणि शेवटी आकड्याला १.४ नं गुणायचं, कारण १०० चे १४० झालेत. हे गुणणं लोक हमखास विसरतात. तुमच्या किटचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा आणि गुणक बदला. अॅसिड न घातलेला एक नमुनाही सोबत चालवा, त्यातून जागं झालेलं टीजीएफ किती ते कळतं, आणि सुजेच्या प्रश्नात बऱ्याचदा तेच जास्त महत्त्वाचं असतं.

प्लेट ४५० नॅनोमीटरला वाचा, ५४० किंवा ५७० वजा करा, रेष चार पॅरामीटरची बसवा. आकडा शेवटी त्याच वेलमधल्या पेशींच्या एकूण प्रोटीननं किंवा डीएनएनं भागायचा. टीएनएफनं पेशी कमी झाल्या असतील तर नुसता पिकोग्रॅम प्रति मिली फसवतो.

हळद लावणाऱ्यांसाठी

वसमतची हळद आपली, त्यामुळं दर दुसऱ्या डिझर्टेशनला कर्क्युमिन असतंच, आणि तो प्रश्न चांगलाच आहे. फक्त एवढं सांभाळा. बिनसिरम बफरमध्ये ३७ अंशाला कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतेक सगळं तुटतं, सिरम असेल तर जास्त टिकतं. म्हणजे वर सांगितलेलं उपाशी ठेवणं आणि कर्क्युमिन टिकवणं यांची ओढाताण होते, म्हणून सिरम किती ठेवलं ते लिहा आणि दोन्ही पद्धतीनं एकदा करून बघा. कर्क्युमिन ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि डीएमएसओचा वेगळा कंट्रोल ठेवा. कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं, त्यामुळं हिरव्या रंगाच्या अँटिबॉडीनं पी-६५ (एनएफ-कप्पाबीचा एक भाग) न्यूक्लियसमध्ये गेलं का ते बघत असाल तर लाल रंगाची अँटिबॉडी घ्या. पेशी जिवंत आहेत का हे फक्त एमटीटीसारख्या रंगाची तीव्रता मोजणाऱ्या टेस्टवर ठरवू नका, ट्रिपॅन ब्लू घालून मोजा. तुलनेला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एक वेल ठेवा, सूज दाबली जाते तेव्हा आयएल-८ आणि व्हीईजीएफचे आकडे कसे दिसतात ते त्यातून समजतं.

किती वेळा करायचं

एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीन नव्हे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या फेरीच्या) पेशींवर, नव्यानं पातळ केलेल्या टीएनएफनं केलेला प्रयोग म्हणजे एक. असे किमान तीन. तिन्ही दिवसांचे ठिपके ग्राफवर वेगवेगळे दाखवा, नुसते खांब नकोत. व्हीईजीएफ वाढलं आणि सीटीजीएफ घटलं असं तिन्ही दिवशी आलं तर ते तसंच लिहा, गाइडला आवडेल म्हणून एक आकडा मागं ठेवू नका. उरलेलं मीडियम फेकू नका, ५० मायक्रोलिटरचे अलिकॉट करून तारीख, पॅसेज आणि तास लिहून उणे ८० ला ठेवा, व्हायव्हाला कुणी विचारलं की आयएल-६ पण मोजलं का, तर प्लेट परत लावायच्या ऐवजी तिथनंच काढता येतं.